डल्लासची हवा, निर्मळचं ऊन

ऐकलंत ना? शेजारच्या काकूंच्या वरच्या मजल्याचं काम थांबलं होतं. पैसे कमी पडले म्हणून नव्हे, वाळू मिळेना म्हणूनही नव्हे. कॉलम उभे होते, सेंट्रिंगच्या फळ्या अंगणात येऊन पडल्या होत्या, मेस्त्री रोज यायचा आणि चहा पिऊन जायचा. काम अडलं होतं ते डल्लासच्या एका फोनवर.

काकूंचा मुलगा डल्लासला असतो. आमच्या तेलंगणातल्या निर्मळमध्ये हल्ली गल्लीत एक तरी घर असं निघतंच, ज्याचं घड्याळ इथलं आणि कान तिकडचे. तर तो फोनवर म्हणाला, "आई, स्लॅब पडायच्या आधी ठरवा. घरभर सेंट्रल एसी करून टाका. भिंतीभिंतीवर पांढरे डबे टांगत बसू नका." काका तेव्हापासून गप्प झाले. काकू गप्प राहणाऱ्यांतल्या नाहीत. त्या बोलत होत्या, आणि अर्थातच कंपाउंडच्या भिंतीवरून बोलत होत्या. आमच्या दोन घरांमधली ही भिंत छातीएवढी. दुपारी तिच्यावर सांडगे वाळतात, संध्याकाळी सगळ्यांची कोपरं टेकतात.

"वैनी, तुम्हीच सांगा," काकू मला म्हणाल्या. "मी राहून आलेय त्याच्या घरी. डबा नाही, पंख्याची घरघर नाही. छताला नुसत्या जाळ्या, त्यातून गार वारा. अगं, बाथरूममध्ये सुद्धा गार! इथं हॉलमधून स्वयंपाकघरात पाय टाकला की पदर भिजला."

आमच्या वर भाड्यानं राहते ती भैंसा गावची सून. कडेवर लेकरू घेऊन ती जिन्यात उभी होती. तिथूनच बोलली, "काकू, बाथरूममध्ये गार वारा घेऊन करायचं काय? लवकर बाहेर यायचं सोडून बसून राहतील सगळे."

काकूंनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. पण कोपऱ्यावरच्या मामांनी केलं नाही. मामा म्हणजे वीज खात्यातले निवृत्त लाइनमन. आधी बोर्ड होतं, मग कंपनी झाली, मग तेलंगणाची कंपनी झाली. मामांच्या तोंडी मात्र अजून 'डिपार्टमेंट'. गल्लीत कुठंही विजेचा विषय निघाला की त्यांना आपोआप वास लागतो. संध्याकाळचं दूध घेऊन चालले होते, किटलीसकट थांबले.

"अक्का, पोराला एक विचारा. थंडीत त्या जाळीतून काय येतं?"

"गरम वारा येतो. थंडीत तिकडं लागतोच की."

"मग झालं तर," मामा म्हणाले आणि किटली भिंतीवर ठेवली. किटली ठेवली म्हणजे आता अर्धा तास निश्चित.

मामांचं म्हणणं खरं आहे, आणि ते आपल्याकडे सेंट्रल एसीची हौस असलेल्यांच्या सहसा डोक्यात येत नाही. अमेरिकेत घराला आधी ऊब लागते. तळघरात नाहीतर माळ्यावर हवा तापवणारी भट्टी, तिथून निघालेले पत्र्याचे चौकोनी बोगदे, त्यांना डक्ट म्हणतात, ते खोल्याखोल्यांत गेलेले. हे सगळं बसवणं भागच. मग उन्हाळ्यात त्याच बोगद्यांतून गार हवा सोडायची, एवढाच वरखर्च. घरं लाकडी सांगाड्याची, वर उतरतं छप्पर, छपराखाली रिकामी पोकळी. डक्ट लपवायला जागा आयतीच. आपल्याकडं घर विटांचं, डोक्यावर काँक्रीटची सपाट स्लॅब. पोकळी कुठली? आदिलाबादच्या पट्ट्यात थंडी काही कमी पडते असं नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, तेलंगणाच्या बातम्यांत तेवढ्यापुरती आपली नावं येतात. पण त्या थंडीला आपण गोधडी घेतो, शेकोटी करतो. घर कुणी तापवत नाही. म्हणजे निर्मळमध्ये डक्ट टाकायचे ते फक्त उन्हाळ्याच्या साडेतीन महिन्यांसाठी.

"आणि टाकायचे कुठं?" मामांनी विचारलं. "स्लॅबखाली लोंबकळतील. मग ते झाकायला फॉल्स सिलिंग. फूट-सव्वाफूट उंची गेली. दहा फुटी खोली नऊ फुटांच्या खाली आली. पंखा कुठं लावाल?"

"सेंट्रलला पंखा लागत नाही," काकू.

"करंट गेल्यावर लागतो," मामा.

हे काकूंना लागलं. कारण इन्व्हर्टरच्या बॅटरीवर पंखे चालतात, लाइट चालतात, घरभराचा एसी चालत नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

पण काकू हार मानायच्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या बाजूनंही बोलण्यासारखं पुष्कळ आहे. सेंट्रलचा आवाज एकाच जागी, तोही गच्चीवर. हवा सगळीकडं सारखी पसरते, एका कोपऱ्यात काकडायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यात घामाघूम असं होत नाही. नीट आखणी केली तर बाहेरची ताजी हवा गाळून थोडीथोडी आत घेता येते. भिंतीवरच्या एसीचं तसं नाही. पुष्कळांना वाटतं, मागचा डबा बाहेर आहे म्हणजे बाहेरची हवा आत येत असेल. येत नाही. तो खोलीतलीच हवा फिरवून फिरवून गार करतो. चार माणसं दार लावून झोपली की सकाळी डोकं जड होतं ते त्यामुळं. मधून दार किलकिलं करावं. शिवाय काकूंच्या हॉलमध्ये सोनेरी रंगातलं मोठं निर्मळ पेंटिंग आहे, त्यांच्या सासऱ्यांनी नक्काश कारागिरांकडून करून घेतलेलं. त्याच्या डोक्यावर पाणी ठिबकणारा डबा नको, ही त्यांची भीती अगदी रास्त आहे. एसीच्या नळीचा उतार चुकला की पाणी उलटं भिंतीवर उतरतं. त्या पेंटिंगची भिंत मोकळी सोडायची, यावर आमच्यात कधीच वाद नव्हता.

मागच्या गल्लीतल्या मावशी इंदूरच्या माहेरवाशीण. त्यांना या वादात होळकर आणायचेच होते, आणि त्यांनी आणले. "सेंट्रल एसीचं कौतुक कुणाला सांगता? आमच्या यशवंतराव महाराजांनी केलं होतं. माणिकबागेत." हेही खोटं नाही. दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३०च्या दशकात एकार्ट मुथेसिउस नावाच्या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा नव्या धाटणीनं बांधून घेतला. पुष्कळसं सामान युरोपातून जहाजानं आलं, आणि त्या काळात त्यांनी वाड्यात वातानुकूलनाची सोय केली. मुंबईत लोक १९३३ मध्ये उघडलेल्या रीगल थिएटरमध्ये सिनेमाबरोबर गारव्याचंही तिकीट काढत होते, तो हा जमाना.

"मग? राजाच्या घरी चाललं ना?" काकूंचा चेहरा खुलला.

"राजा होता तो, अक्का," मामा म्हणाले. "मीटर रीडिंगवाला त्याच्या दारात जात नव्हता. आता काय आहे त्या वाड्यात?"

मावशी जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "कर खात्याचं ऑफिस."

भैंशाची सून जिन्यातून इतकं हसली की लेकरू रडायला लागलं. तसं कर खात्यानं एक भलं काम केलंय म्हणा. एसीवरचा जीएसटी २०२५च्या २२ सप्टेंबरपासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला. दुकानदारांनी लगेच पाट्या लावल्या. पण मशीन स्वस्त झालं म्हणून करंट स्वस्त होत नाही, आणि आमच्या गल्लीतलं खरं राजकारण करंटाभोवती फिरतं.

ते समजून घ्यायचं तर गृहज्योती समजून घ्यावी लागेल. २०२४च्या फेब्रुवारीअखेरीस तेलंगणा सरकारनं ही योजना सुरू केली. रेशनकार्डवाल्या पात्र घरानं महिन्याला २०० युनिटांच्या आत वीज वापरली तर बिल शून्य. बायका त्याला 'झिरो बिल' म्हणतात. २०० ओलांडली की फक्त वरच्या युनिटांचे पैसे द्यायचे असं नाही, सगळ्या युनिटांचे द्यायचे. त्यामुळं मे महिन्यात आमच्याकडं शेवटच्या आठवड्यात जे चालतं ते बघण्यासारखं असतं. इस्त्री बंद. मोटार पहाटे एकदाच. भैंशाच्या सुनेचं मीटर वेगळं आहे, ती रोज सकाळी लेकराला कडेवर घेऊन मीटर वाचते. ते पोर 'आई-बाबा' म्हणायच्या आधी आकडे शिकलं नाही म्हणजे मिळवली. मीटरवाला यायच्या दिवशी तिच्या तोंडावर जो ताण असतो तो दहावीच्या निकालाला नव्हता, असं तिचा नवरा सांगतो.

काकूंना झिरो बिल नाही, त्यांचा प्रश्न निराळा. पण मामांनी कोळशाचा तुकडा उचलून त्यांच्याच भिंतीवर हिशेब मांडला. (भिंत रंगवायची होतीच.)

घरभराचं मशीन घ्यायचं तर चार खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर धरून पाच टन तरी लागेल. टन ऐकून काकांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि विचारलं, स्लॅबला वजन झेपेल का? वजन नव्हे हो ते. पूर्वी गारवा बर्फानं मोजत. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी उष्णता खोलीबाहेर फेकायची ताकद म्हणजे एक टन. आजच्या मापात साडेतीन किलोवॉटच्या आसपास. तर पाच टनी यंत्र पूर्ण जोरात चाललं की तासाला पाच-साडेपाच युनिट. रात्रीचे आठ तास म्हणजे चाळीसच्या वर. पाच रात्रींत दोनशे युनिट संपली. शिवाय त्याला थ्री फेज कनेक्शन घ्यावं लागेल. मंजूर भार वाढला की वापरा न वापरा, महिन्याचा स्थिर आकारही वाढतो.

आता भिंतीवरचा दीड टनी इन्व्हर्टर एसी. पाच ताऱ्यांच्या मशीनच्या स्टिकरवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात, सातशे-आठशेच्या घरात, आणि ती १६०० तासांच्या वापरावर धरलेली असतात, हे खाली बारीक अक्षरांत असतं. आपल्या उन्हाळ्यात त्याहून जास्त जाईल हे गृहीत धरा. तरी खोली एकदा गार झाली की कॉम्प्रेसर मंद होतो, आणि रात्रभरात पाच-सात युनिटांत भागतं.

"पण घरात चार खोल्या आहेत," काकू म्हणाल्या.

"आणि माणसं किती?"

इथं काकू गप्प झाल्या. माणसं दोन. मुलगा आला तर दिवाळीला नाहीतर डिसेंबरात येतो, तेव्हा एसी लागतच नाही. चार खोल्यांच्या घरात काका-काकू झोपतात एकाच खोलीत. तीन रिकाम्या खोल्या गार करायला पाच टन चालवायचं, त्यातल्या एका खोलीत तर नुसती गव्हाची कोठी आहे. सेंट्रललाही खोलीनिहाय झडपा बसवून भाग पाडता येतात, पण ती झडपांची नवी यंत्रणा, तिच्या मोटारी, प्रत्येक भागाचं वेगळं थर्मोस्टॅट. हैदराबादेत हे करणारी माणसं आहेत. निर्मळला त्यातली एक झडप अडकली तर तो माणूस राष्ट्रीय महामार्ग ४४ नं दोनशे किलोमीटर येणार.

थर्मोस्टॅटवरून आठवलं. झडपा नसल्या तर अख्ख्या घराला एकच थर्मोस्टॅट. म्हणजे एकच रिमोट समजा. ज्या घरात टीव्हीच्या रिमोटवरून सासू-सून आठवडाभर बोलत नाहीत, त्या घरात आता हवेचाही एकच रिमोट. सासूचे गुडघे दुखतात, तिला २८ हवं. नातवाला १८ हवं आणि वर गोधडी हवी. ही १८ आणि गोधडीची जोडी कुणी काढली मला माहीत नाही, पण तिच्या मागं सरकारही लागलंय. २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतो. २०२५च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी तर जाहीर केलं की एसी २० च्या खाली आणि २८ च्या वर जाऊच नये असा नियम करायचा विचार आहे. एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा बचतीचं केंद्रीय खातं सांगतं. वेगळे एसी असले की निदान भांडणं खोलीपुरती राहतात. २६ वर एसी आणि वर हळू पंखा, याला तोड नाही. आणि पंखा लावायला, मामा म्हणाले तसं, उंची पाहिजे.

बिघाडाचंही तसंच. गेल्या उन्हाळ्यात इथल्याच एका फंक्शन हॉलमध्ये आम्ही लग्नाला गेलो होतो. अक्षता पडायच्या वेळेला सेंट्रल एसी बसला. खिडक्या उघडायला गेलो तर खिडक्या उघडणाऱ्या नव्हत्याच, नुसत्या काचा. नवरीचा मेकअप, भटजींचा आवाज, व्याह्यांचा मान, सगळं एकदम उतरलं. सहाशे माणसांच्या हॉलला सेंट्रल हवंच, भिंतीवरचे डबे तिथं पुरणार नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरात तीन वेगळे एसी असतील आणि एक बिघडला, तर सगळी मंडळी दुसऱ्या खोलीत सतरंज्या टाकतात. लेकरांना तर तीच मजा.

एवढं सगळं होईपर्यंत एसीचा मेकॅनिक आला. त्याला काकांनी गुपचूप बोलावलं होतं. गप्प माणसं अशी असतात. तेलुगू पोरगा, आमच्याशी बोलताना दखनी बोलतो. त्यानं डक्टचं नाव ऐकलं आणि हात जोडले. "अम्मा, वो नक्को. उसमें चूहे जाते."

उंदरांचा मुद्दा डल्लासच्या फोनमध्ये आला नव्हता.

मग त्यानं सांगितलं ते मात्र कान देऊन ऐकण्यासारखं होतं. गारवा हवेतून न्यायचा तर हवा खूप लागते, म्हणून डक्ट हातभर रुंद. गॅसमधून न्यायचा तर बोटाएवढी तांब्याची नळी पुरते, कारण तो गॅस नळीत द्रवाचा वायू होताना भरपूर उष्णता पोटात घेतो. रुंद डक्ट तापलेल्या जागेतून गेला की वाटेत गारवा सांडतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचंच म्हणणं आहे की माळ्यावरच्या तापल्या पोकळीतून गेलेल्या डक्टांत तीस टक्क्यांहून जास्त ऊर्जा वाया जाऊ शकते. आमची स्लॅब संध्याकाळी सात वाजता हात लावू देत नाही. तिला चिकटून डक्ट न्यायचे म्हणजे बघा.

नळीलाही पथ्यं आहेत. आतला आणि बाहेरचा डबा जितका जवळ तितकं बरं. नळी लांबली की ताकद घटते. बसवताना नळीतली हवा पंपानं पूर्ण ओढून काढावी लागते. पुष्कळ जण घाईत ते करत नाहीत, थोडा गॅस सोडून हवा ढकलल्यासारखं करतात आणि जातात. मेकॅनिकसमोर उभं राहून पंप लावून घ्या. आणि दर उन्हाळ्यात गॅस भरायला सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय. गळती शोधल्याशिवाय भरलेला गॅस म्हणजे पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक.

"बाहर का डब्बा छाँव में रखो," तो म्हणाला. यालाही कारण आहे. एसीची कागदावरची ताकद बाहेर ३५ अंश असताना मोजतात. निर्मळच्या मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. त्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीवर डबा टांगला की दीड टनाचा दीड टन राहत नाही. उत्तरेची भिंत, वर छोटं छत, आजूबाजूला हात-दीड हात मोकळी जागा.

आणि जाळी. जाळी विसरू नका. आता तुम्ही म्हणाल, माकडांचा आणि एसीचा काय संबंध? निर्मळमध्ये राहत नसाल तरच म्हणाल. २०१६च्या दसऱ्याला आदिलाबादमधून आमचा वेगळा जिल्हा झाला, आणि २०२०च्या डिसेंबरात या नव्या जिल्ह्याला काय मिळालं, तर राज्यातलं पहिलं माकडांचं सुटका आणि पुनर्वसन केंद्र! चिंचोलीजवळच्या गंडी रामन्ना हरितवनात आहे. सरकारनं ते दुसरीकडं नाही, इथंच काढलं, यावरून काय ते समजा. तांब्याच्या नळीवर काळं मऊ फोम असतं. ते सोलण्यात माकडांना कसला आनंद मिळतो, त्यांनाच ठाऊक. फोम गेलं की नळीला घाम फुटतो, गारवा वाटेतच जातो, पाणी भिंतीत मुरतं. मागच्या गल्लीत एका घराच्या गच्चीवरची नळीच एका टोळीनं वाकवून ठेवली. सेंट्रलचं बाहेरचं यंत्र गच्चीवर, त्याच्या जाड नळ्या गच्चीवर. म्हणजे माकडांना पंगतच. काकूंच्या मनात सेंट्रलबद्दल जी शेवटची आशा होती ती, माझ्या मते, इथं गेली.

मावशींना मात्र हे सगळंच पटत नव्हतं. "आमच्या लहानपणी हे काही नव्हतं," असं त्या म्हणाल्या आणि सगळ्यांनी मनात म्हटलं, आता सुरू. पण त्यांचं पुढचं बोलणं कामाचं निघालं. जुनी घरं आठवा. मातीच्या हातभर जाड भिंती, वर माळवद. लाकडी सरं, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचं ऊन त्या थरातून आत उतरेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री माणसं तशीही अंगणात बाजेवर. आम्ही माळवदं पाडली, चार-पाच इंची स्लॅब टाकली, आणि मग ती तापते म्हणून यंत्रं शोधत बसलो.

माळवद आता कुणी बांधणार नाही. पण गच्चीला पांढरा रंग कुणीही देऊ शकतो. तेलंगणानं २०२३च्या एप्रिलमध्ये कूल रूफ धोरण आणलं. ६०० चौरस गजांच्या आणि त्याहून मोठ्या जागेवरच्या घरांना ते सक्तीचं, लहान घरांना मर्जीवर. उन्हं परतवणारा पांढरा रंग, पांढऱ्या फरश्या, नाहीतर साधा चुना सुद्धा. खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. भैंशाच्या सुनेच्या नवऱ्यानं आमच्या गच्चीवर मार्चमध्ये चुना मारला, डिंक घालून. खर्च म्हणाल तर एसीच्या स्टँडएवढाही नाही. तिचा झिरो बिलाचा खेळ त्या चुन्यावर आणि खिडकीतल्या कूलरवर चाललाय.

कूलरला हसू नका. एप्रिल-मेमध्ये आमची हवा इतकी कोरडी असते की ओल्या ताटीतून येणारा वारा दहा अंशांनी सहज उतरतो, आणि कूलर पंख्याहून थोडीच जास्त वीज खातो. फक्त खिडकी उघडी पाहिजे. खिडकी बंद करून कूलर लावणारे आणि खिडकी उघडी ठेवून एसी लावणारे, दोघेही आमच्या गल्लीत आहेत. नावं सांगत नाही, भिंतीला कान आहेत. मृगाचा पहिला पाऊस पडला की मात्र कूलरचा खेळ खलास. हवा आधीच ओली, ताटीतलं पाणी वाळेना, अंग चिकट. ते जूनचे दोन-तीन आठवडे आणि मेमधल्या चढ्या रात्री, एसीची खरी गरज तेवढीच.

मल्टी-स्प्लिट नावाचाही एक मधला मार्ग आहे. बाहेर एकच डबा, आत दोन-तीन. फ्लॅटमध्ये, जिथं बाहेर टांगायला जागाच नाही, तिथं तो सोयीचा. पण बाहेरचा एक बसला की आतले सगळे बसले, आणि दोन सुटे एसी घेण्यापेक्षा तो महागही पडतो. काकूंच्या घराला चारी बाजूंनी मोकळी जागा आहे. त्यांना त्याचं काय काम?

तर झालं असं, की परवा स्लॅब पडली. फॉल्स सिलिंग नाही, डक्ट नाहीत. डल्लासला काकांनी स्वतः फोन केला आणि फक्त एवढंच विचारलं, "तुझ्या घराला उंदीर लागतात का रे?" तिकडून काय उत्तर आलं ते काकूंनी अजून सांगितलेलं नाही, सांगितलं की कळवते. एसी एकच घ्यायचा ठरलाय, दीड टन, झोपायच्या खोलीत. बाकी तीन खोल्यांना जागा करून ठेवायची, मशीन मागाहून.

आणि तुम्ही घर बांधत असाल तर एवढं सांगते. एसी आज घ्या, पाच वर्षांनी घ्या, घेऊच नका. पण प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक झोपायच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीत बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन तीन इंची पाइपाचा तुकडा टाकून घ्या, पाणी जायला वेगळी पाऊण इंची नळी खाली मोरीपर्यंत न्या, आणि मीटरपासून जाड वायरची वेगळी लाइन त्याच्या स्वतःच्या एमसीबीसकट ओढून घ्या. मेस्त्री म्हणेल, नंतर करू. नंतर तो हॅमर ड्रिल घेऊन येतो आणि मजुरी दुप्पट मागतो.